आधी आग की आधी स्फोट?

३१ मे २०१६. मध्यरात्र उलटून तास-दीड तास झाला असेल. वर्धा जिल्ह्यातल्या पुलगावच्या केंद्रीय दारूगोळा भांडारात एका शेडला आग लागल्याचं लक्षात आलं आणि भांडाराचं स्वतःचं अग्निशमन दल तिकडं धावलं. बंब लागले, पाण्याचा मारा सुरू झाला, आणि माणसं शेडपाशी असतानाच आतला साठा फुटला. हादऱ्यानं आगरगाव, नागझरी ही शेजारची गावं जागी झाली. भर रात्री पोराबाळांना घेऊन लोकांना गावाबाहेर पडावं लागलं. सकाळी आग आटोक्यात आली तेव्हा लष्करानं १६ मृत्यू जाहीर केले: दोन अधिकारी, एक जवान आणि तेरा अग्निशमन कर्मचारी. पुढच्या काळात जखमींपैकी काही दगावले आणि हा आकडा १९ वर गेला.

संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर आणि लष्करप्रमुख दलबीर सिंग त्याच दिवशी पुलगावला आले. चौकशीचे आदेश निघाले. पण तोवर वाहिन्यांवर आणि चहाच्या टपऱ्यांवर निकाल लागूनही गेला होता. कुणी घातपात म्हणालं, कुणी शॉर्ट सर्किट, कुणी विदर्भातल्या मे महिन्याच्या उन्हाकडं बोट दाखवलं. देशातल्या सर्वांत मोठ्या दारूगोळा भांडारात आग लागते म्हटल्यावर अशा तर्कांना तोटा नसतो. तपास करणाऱ्याला मात्र कारणाकडं जाण्याआधी एका साध्या प्रश्नाचं उत्तर लागतं. आधी काय झालं, आग की स्फोट?

पुलगावात या प्रश्नाचं उत्तर मृतांच्या यादीतच होतं. स्फोट आधी झाला असता तर त्यात सापडले असते ते पहारेकरी किंवा त्या वेळी कामावर असलेले कामगार. इथं बहुसंख्य मृत अग्निशमन दलाचे होते. याचा अर्थ, बंब येऊन पोचण्याइतका वेळ आग नुसती जळत होती. घातपात करणारा माणूस साधारणपणे स्फोट घडवून आणतो, धुमसणारी आग लावून तो वाट पाहत बसत नाही. ही काही सिद्धता नव्हे, पण तपासाची दिशा अशाच निरीक्षणांतून ठरते.

मुंबईनं हेच ७२ वर्षं आधी पाहिलं होतं. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत उभ्या असलेल्या ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजातून दुपारी दोनच्या सुमारास धूर येऊ लागला. जहाजात सुमारे १४०० टन स्फोटकं आणि दारूगोळा होता, आणि त्याच्याच शेजारी कराचीत भरलेल्या कापसाच्या गाठी. अग्निशमन दल दोन तास पाणी मारत राहिलं. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासानं दुसरा. सतराशे किलोमीटरवरच्या सिमल्यातल्या भूकंपमापकावर त्याची नोंद उमटली. मुंबई अग्निशमन दलाची ६६ माणसं त्या दिवशी गेली. आज १४ ते २० एप्रिल हा देशभर अग्निशमन सेवा सप्ताह म्हणून पाळला जातो तो त्यांच्या स्मरणार्थ. त्या आगीचं संभाव्य कारण म्हणून कापसात पडलेल्या विडी-सिगारेटच्या ठिणगीचं नाव घेतलं गेलं. कापूस आणि दारूगोळा ही जोडी वर्धेकरांना वेगळी समजावून सांगायला नको. दोन्ही त्यांच्या जिल्ह्यात भरपूर आहेत.

स्फोटाची जागा वाचण्याचं एक शास्त्र आहे. दारू जळते आणि दारू फुटते, या दोन वेगळ्या गोष्टी. साधी काळी दारू बंदिस्त जागेत जळते, वायू साठतो, दाब वाढतो आणि भांडं फाटतं. टीएनटीसारखं उच्च स्फोटक फुटताना मात्र अशा तऱ्हेनं जळत पुढं सरकत नाही. त्यातून सेकंदाला सुमारे ६९०० मीटर वेगानं धक्क्याची लाट धावते आणि वाटेतलं लोखंड अक्षरशः चिरडून टाकते. म्हणून पहिल्या प्रकारात धातूचे मोठाले, वाकलेले पत्रे सापडतात, दुसऱ्या प्रकारात बोटाएवढे धारदार तुकडे आणि जमिनीत खड्डा. गॅस सिलिंडरमधून गळलेल्या वायूचा भडका उडाला तर भिंती बाहेरच्या बाजूला ढकलल्या जातात, छप्पर उचललं जातं, पण नेमका असा खड्डा कुठंच दिसत नाही, कारण वायू खोलीभर पसरलेला असतो. पुण्यातल्या जर्मन बेकरीत १३ फेब्रुवारी २०१० च्या संध्याकाळी स्फोट झाला तेव्हा पहिल्यांदा सिलिंडर फुटल्याचीच बातमी पसरली. तो बॉम्ब होता, हे घटनास्थळाच्या पाहणीवरून उघड झालं आणि प्रयोगशाळेनं आरडीएक्स व अमोनियम नायट्रेटचे अंश दाखवून त्यावर शिक्कामोर्तब केलं. सतरा जणांचा जीव घेणाऱ्या त्या स्फोटाची नोंद ‘गॅसगळती’ अशी होता होता राहिली.

पुलगावात मात्र हे शास्त्र अर्ध्या वाटेपर्यंतच साथ देतं. खड्डा सांगतो की सर्वांत जास्त माल कुठं फुटला. आग कुठं सुरू झाली, हे तो सांगत नाही. उलट जिथं ठिणगी पडली ती जागाच स्फोटानं उडवून दिलेली असते. पोलिसांनी पंचनामा करायचा कशाचा? अशा वेळी अनुभवी तपासनीस दोन गोष्टी शोधतो. एक म्हणजे बचावलेल्यांच्या जबानीतला पहिल्या धुराचा रंग, ज्वाळेची उंची, ती कोणत्या टोकाला दिसली. दुसरी म्हणजे, जळून गेलेल्या मालाचे भाऊबंद. त्याच कारखान्यात, त्याच वर्षी, त्याच लॉटमध्ये बनलेला आणि दुसऱ्या एखाद्या शेडमध्ये शाबूत पडून असलेला माल. जो नष्ट झाला त्याची कुंडली त्याच्या भावंडांवरून मांडता येते.

पुलगावचं सुदैव असं की भावंडं शिल्लक होती. दारूगोळ्याची भांडारं हजारो एकरांवर पसरलेली असतात ती उगीच नव्हे. दोन शेडमध्ये ठरावीक अंतर, मध्ये मातीचे उंच बांध, आणि कुठल्या जातीचा दारूगोळा कुठल्या जातीशेजारी ठेवायचा नाही याचे कडक नियम. त्या रात्री आग एकाच शेडपुरती राहिली, शेजारच्या शेडांपर्यंत गेली नाही. हे नियम कागदावर कंटाळवाणे दिसतात. ३१ मेच्या रात्री ते पाळलेले नसते तर आगरगावचं काय झालं असतं, याचा विचार न केलेला बरा.

त्या शेडमध्ये होते रणगाडाविरोधी सुरुंग. चौकशीतून जे बाहेर आलं त्यात या सुरुंगांमधून टीएनटी पाझरत असल्याची बाब मध्यवर्ती ठरली. गळतीच्या तक्रारी आधीपासून होत्या, हेही नंतर समोर आलं.

टीएनटी पाझरतं म्हणजे काय? शुद्ध टीएनटी सुमारे ८० अंश सेल्सिअसला वितळतं. वैशाखातलं विदर्भाचं ऊन कितीही कडक असलं तरी शेडमधलं तापमान तिथवर जात नाही. पण कारखान्यातून येणारं टीएनटी शंभर टक्के शुद्ध कधीच नसतं. टोल्युइनवर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करताना काही रेणू अर्धवट राहतात, त्यांचं डायनायट्रोटोल्युइन होतं. काही रेणूंमध्ये नायट्रोगट भलत्याच जागी चिकटतात. ही सगळी भेसळ एकत्र आली की मिश्रणाचा वितळबिंदू खूप खाली घसरतो. मग उन्हाळ्यातल्या साध्या उष्णतेतही ती तेलकट, पिवळसर-तपकिरी द्रवाच्या रूपात सुटी होते आणि सांध्यांतून, आट्यांतून झिरपत बाहेर येते. हिवाळ्यात थांबते, पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा सुरू होते. जिथं पारा सर्रास ४५ अंशांच्या वर जातो तिथं अशा मालाचं वय इतर ठिकाणांपेक्षा लवकर वाढतं.

खरा धोका तो द्रव जिथं जाऊन पडतो तिथं सुरू होतो. लाकडी खोका, पुठ्ठा, चिंध्या, कापूस यांत तो मुरला की एक नवंच मिश्रण तयार होतं. ते सहज पेट घेतं आणि झपाट्यानं जळतं. ज्या सुरुंगाला फोडायला रणगाड्याचं वजन लागतं, त्याच्याच पोटातला माल आता किरकोळ कारणानंही पेटू शकतो. एकदा पेटला की शेजारच्या सुरुंगांचं कवच तापतं, आतलं टीएनटी वितळतं, आणि काही वेळानं जळण्याचं फुटण्यात रूपांतर होतं. हा ‘काही वेळ’ म्हणजेच अग्निशमन दल येऊन पोचल्यानंतरची मिनिटं.

म्हणून पुलगावच्या स्फोटाचं उत्तर राखेत जेवढं होतं त्याहून जास्त नोंदवह्यांत होतं. लॉट नंबर काय, उत्पादन कोणत्या वर्षीचं, शेवटची तपासणी केव्हा, गळतीचा शेरा कुणी मारला, तो कुणापर्यंत गेला, आणि माल वेगळा काढण्याचा निर्णय किती दिवस कुठल्या टेबलावर पडून राहिला. स्फोटाचा तपास म्हटलं की लोकांना पांढरे कोट आणि सूक्ष्मदर्शक आठवतात. निम्मा तपास फायली वाचण्याचा असतो.

राखेवर फार विसंबणाऱ्यांची फसगत झाल्याचे दाखले अमेरिकेत आहेत. तिथं अनेक वर्षं अग्नितपासनीस एकमेकांकडून ऐकलेल्या ठोकताळ्यांवर चालत. खिडकीच्या काचेला जाळीसारखे बारीक तडे गेले की कुणीतरी पेट्रोल ओतलं असणार. फरशीवर वेडेवाकडे जळके डाग दिसले की तिथं रॉकेल सांडलेलं असणार. १९९१ मध्ये कॅलिफोर्नियात ओकलंडच्या टेकड्यांवर वणवा पेटला आणि हजारो घरं जळाली. तिथं पेट्रोल ओतायला कुणी गेलेलं नव्हतं, तरी अनेक घरांत तशाच तडकलेल्या काचा सापडल्या. तापलेल्या काचेवर बंबाचं गार पाणी पडलं की असे तडे जातात, इतकंच ते प्रकरण होतं. त्याच सुमारास फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलमध्ये एका माणसावर स्वतःच्या घराला आग लावून सहा जणांना मारल्याचा आरोप होता. सरकारी पक्षाच्या तज्ज्ञांनी शेजारचं तसंच रिकामं घर जळालेल्या घरासारखं सजवलं, तेच सामान मांडलं आणि पेट्रोलचा थेंबही न वापरता नुसता सोफा पेटवून दिला. पाच मिनिटांच्या आत सगळी खोली एकदम भडकली आणि फरशीवर तेच ‘पेट्रोलचे’ डाग उमटले. खटला मागे घेतला गेला.

टेक्ससमधल्या कॅमेरॉन टॉड विलिंगहॅमला ही संधी मिळाली नाही. डिसेंबर १९९१ मध्ये घराला लागलेल्या आगीत त्याच्या तीन मुली गेल्या. जुन्याच ठोकताळ्यांवर त्याला दोषी धरलं गेलं आणि १७ फेब्रुवारी २००४ रोजी मृत्युदंड देण्यात आला. त्या पुराव्याला शास्त्रीय आधार नव्हता, असं नामांकित अग्नितज्ज्ञांनी पुढे लिहून ठेवलं आहे.

आपल्याकडचा ठोकताळा वेगळा आणि बराच सोयीचा. ‘प्राथमिक अंदाजानुसार शॉर्ट सर्किटमुळे आग.’ वर्ध्यातल्या, हिंगणघाटातल्या किंवा देवळीतल्या एखाद्या जिनिंग-प्रेसिंगला आग लागली की दुसऱ्या दिवशीच्या पेपरात हे वाक्य छापून येणार, हे वाचक आधीच सांगू शकतो. ते खरं असूही शकतं. पण शॉर्ट सर्किट झाल्याची खूण आणि शॉर्ट सर्किटमुळे आग लागल्याची खूण यांत मोठा फरक आहे. जिवंत तारेवरचं आवरण बाहेरच्या आगीनं जळालं तरी तारा एकमेकींना टेकतात, ठिणगी उडते आणि तांब्यावर मोत्यासारखा गोल मणी तयार होतो. तो मणी एवढंच सांगतो की आग तिथं पोचली तेव्हा तारेत वीज होती. आग आधी की मणी आधी, हे ठरवायला तो मणी सर्किटवर नेमका कुठं आहे, मुख्य स्विच केव्हा पडला, आणि आगीचा सर्वांत खालचा, सर्वांत खोल जळलेला बिंदू त्याच जागी आहे का, हे ताडून पाहावं लागतं. विद्युत निरीक्षकाचा अहवाल यासाठीच मागवतात. तो वाचला किती वेळा जातो, हा प्रश्न अलाहिदा.

कापसाची आग तर विशेषच अवघड. शेतातून आलेल्या कपाशीत खडा, खिळा, तारेचा तुकडा असतो. जिनिंगच्या यंत्रात तो लोखंडावर आपटतो, ठिणगी पडते आणि रुईच्या लोंढ्यात गडप होते. ज्वाळा दिसत नाही, धूरही नाही. तीच रुई प्रेसमध्ये दाबली जाते आणि विस्तव गाठीच्या पोटात बंद होतो. आत हवा कमी, म्हणून तो विझत नाही आणि भडकतही नाही, दिवसच्या दिवस धुमसत राहतो. गाठ गोदामात जाते, एखाद्या रात्री विस्तव बाहेरच्या थरापर्यंत पोचतो आणि कुणी नसताना गोदाम पेटतं. अशा आगीत कुलूप शाबूत असतं, तारा शाबूत असतात, आणि विमा कंपनीला मालकाचा संशय येतो. कापूस खरेदीच्या हंगामात भाव पडलेले असतील तर संशय दुणावतो. खरा तपासनीस आगीच्या रात्रीपासून सुरुवात करत नाही, तो गेल्या आठ-पंधरा दिवसांत जिनमध्ये छोटी आग विझवली होती का, हे आधी विचारतो. ओल्या सरकीचा ढीग आतून तापतो, जवसाच्या तेलात भिजलेल्या चिंध्या तर गोळा करून ठेवल्या की ठिणगीशिवाय आपणहून पेट घेतात. विदर्भात सरकी आणि जवस दोन्ही आहेत.

याच्या उलटही होतं, खुनाला अपघाताचं नाव दिलं जातं. एके काळी महाराष्ट्रातल्या घराघरांत ‘स्टोव्हचा भडका उडाला’ हे वाक्य सुनेच्या मृत्यूचं कारण म्हणून सांगितलं जाई. न्यायवैद्यकानं ते वाक्य तपासायला शिकवलं. स्टोव्ह फुटला असेल तर त्याची टाकी फाटलेली हवी. साडीच्या पदराला आणि पुढच्या बाजूला भाजलेलं हवं. टाकी धड आहे, आणि डोक्याच्या केसांत रॉकेल सापडतंय, तर रॉकेल वरून ओतलं गेलंय. श्वासनलिकेत काजळी नसेल आणि रक्तात कार्बन मोनॉक्साइड नसेल, तर आग लागण्याआधीच श्वास थांबला असण्याची शक्यता बळावते. पोलिसांच्या भाषेतला ‘सीए रिपोर्ट’, म्हणजे रासायनिक विश्लेषकाचा अहवाल, अशा खटल्यांत निर्णायक ठरत आला.

हा अहवाल वर्धा जिल्ह्यापुरता येतो तो नागपूरच्या प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेतून. नागपुरात आणखीही बरंच आहे. पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटनेचं मुख्यालय, ज्या खात्याची मुळं १८९८ पर्यंत जातात, आणि राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयही तिथंच. म्हणजे पाऊणशे किलोमीटरवर देशातली या विषयाची मोठी जाणकारी बसलेली आहे. अडचण असते ती नमुना तिथवर नीट पोचण्याची. जळक्या मातीतल्या पेट्रोलची वाफ साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून निसटून जाते, म्हणून नमुना हवाबंद डब्यात किंवा काचेच्या बरणीत घालायला हवा. शेजारचा, संशय नसलेला नमुनाही सोबत हवा, कारण जळलेल्या गाद्या आणि प्लॅस्टिकमधूनही पेट्रोलशी साम्य असलेली रसायनं निघतात. गॅस क्रोमॅटोग्राफवर पेट्रोल, रॉकेल, डिझेल यांचे आलेख वेगवेगळे दिसतात, पण तुलना करायला काही नसेल तर यंत्र काय करणार?

पुलगावनंतर अडीच वर्षांनी, २० नोव्हेंबर २०१८ च्या सकाळी, भांडाराजवळच्या सोनेगाव (आबाजी) शिवारात पुन्हा स्फोट झाला. जबलपूरच्या खमरिया आयुध निर्माणीतून आलेला कालबाह्य दारूगोळा तिथं निकामी करायचा होता. तो उतरवला जात असताना फुटला. सहा जण गेले. त्यांत निर्माणीचा एक कर्मचारी होता, बाकी मजुरीवर आलेली माणसं. इथं आग आधी नव्हती, स्फोटच आधी. त्यामुळे प्रश्नही वेगळे होते: पेट्या कशा हाताळल्या, उतरवणाऱ्यांना प्रशिक्षण होतं का, आणि इतकी माणसं एकाच वेळी मालाजवळ का होती. स्फोटकांच्या कामातला सर्वांत जुना नियम हाच आहे की कमीत कमी माणसं, कमीत कमी वेळ, कमीत कमी मालाजवळ असावीत.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६ (३) नुसार सात वर्षं किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञानं घटनास्थळी जाणं बंधनकारक होत आहे. राज्यांना त्याची तयारी करायला पाच वर्षांची मुदत आहे. घराला किंवा गोदामाला आग लावणं याच वर्गात मोडतं. तज्ज्ञ येईपर्यंत मात्र जागा जशीच्या तशी राहिली पाहिजे. तेव्हा घराला, दुकानाला, गोठ्याला किंवा जिनला आग लागून विझली, तर लगेच झाडू हातात घेऊ नका, जेसीबी बोलावू नका. मीटरचा बोर्ड, जळक्या तारा, फुटलेला सिलिंडर, स्टोव्ह जिथं आहे तिथंच राहू द्या, मोबाइलवर चारी बाजूंनी फोटो काढा, आणि सर्वांत आधी धूर कुणी पाहिला त्याचं नाव आणि वेळ लिहून ठेवा.